नेपाळहून आलेल्या मुलास कोणत्या वर्गात बसवावे?



रत्नागिरीकडील आंबाबागांत राखणीसाठी नेपाळी कुटुंबे येतात. मुलास मायदेशी आजोबांपाशी ठेवावे, की सोबत आणून येथील शाळेत घालावे, हा प्रश्न त्या आईबापांपुढे असतो. पुष्कळदा त्याचे उत्तर आपल्या वागणुकीवर ठरते. मराठी येत नाही म्हणून दहा वर्षांच्या मुलास पहिलीत बसविले, तर ते लाजते व चार दिवसांत शाळा सोडते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा असतो. वयाचा दाखला नाही किंवा सत्र सुरू झाले, या कारणास्तव तो नाकारता येत नाही. मागे पडलेल्या अभ्यासाकरिता विशेष प्रशिक्षणाची तरतूदही त्यात आहे.

जन्मदाखल्यावर २०७४ साल दिसल्यास गोंधळू नये. ते विक्रम संवत होय. त्यातून ५७ वजा करता इसवी सन २०१७ येतो. जन्म पौषाच्या मध्यानंतरचा असल्यास ५६ वजा करावेत.

नेपाळी भाषेची लिपीही देवनागरीच आहे. शाळेत गेलेल्या मुलास बहुतेक अक्षरे ठाऊक असतात. ‘ळ’ मात्र नवा असतो. म्हणून प्रथम त्याच्याकडून फळ्यावर त्याचे नाव लिहवून घ्यावे. वर्गास कळेल की हे मूल निरक्षर नाही, आणि त्यालाही.