मालवाहू डिझेल गाडीस जादा मापके बसविताना

कारंजा तालुक्यातील कामरगाव व भोवतालच्या गावांत सोयाबीन, तूर, कापूस व हरभरा ही पिके प्रामुख्याने घेतली जातात. खळ्यावर भरलेली पोती पूर्वी बैलगाडीने कारंज्याच्या बाजारात जात. आता हे काम डिझेलवर चालणाऱ्या लहान मालवाहू गाड्या, म्हणजे ज्यांस सर्वत्र पिकअप म्हणतात त्या, करीत असतात. बैल थकला म्हणजे त्याची धाप ऐकू येई, तोंडास फेस दिसे आणि गाडीवान आपसूकच कासरा आवरीत असे. इंजिनाची धाप मात्र कानांस ऐकू येईपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. गाडी कर्जाने घेतलेली असेल आणि ऐन सोयाबीनच्या हंगामात तिचे इंजिन जाम झाले, तर दुरुस्तीचा खर्च, बुडालेले भाडे आणि न चुकणारा हप्ता असा तिहेरी बोजा एकाच वेळी शेतकऱ्यावर येऊन पडतो. हे टाळण्याच्या कामी एक-दोन जादा मापके, ज्यांना मिस्त्री मंडळी मीटर किंवा गेज म्हणतात, चांगली उपयोगी पडतात. परंतु ती कशी बसविली यावरच त्यांचा सारा गुण अवलंबून आहे.

गाडीत मुळातच पाण्याच्या उष्णतेचा काटा व ऑइलचा दिवा असताना आणखी मापके कशाला, अशी शंका साहजिकच येईल. यास उत्तर असे की, ऑइलचा तांबडा दिवा सामान्यतः दाब दर चौरस सेंटिमीटरास अर्ध्या किलोग्रॅमच्याही खाली गेल्यावर लागतो. भरलेली गाडी वेगात असताना इंजिनाला याच्या कितीतरी पट दाब लागतो. तेव्हा दिवा लागला याचा अर्थ धोका येत आहे असा नसून तो येऊन बसला आहे असा समजावयास पाहिजे. उष्णतेच्या काट्याचीही अशीच गोष्ट आहे. पुष्कळशा आधुनिक गाड्यांत हा काटा मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो. पाणी ८० अंश असो वा १०० अंश, काटा मध्यावरच उभा राहतो व चालकाचे मन निश्चिंत ठेवतो. आकडे दाखविणारे मापक असे सांत्वन करीत नाही.

कामरगावच्या बाजूस या गोष्टीला विशेष महत्त्व येते ते कुटारामुळे. मळणीयंत्राशेजारी गाडी उभी करून पोती भरताना सोयाबीनचे बारीक कुटार हवेत उडत असते. चालू इंजिनाचा पंखा ते आत ओढून घेतो आणि रेडिएटरच्या जाळीवर त्याचा थर बसतो. वरून पाहिल्यास काहीच दिसत नाही, कारण पुष्कळदा हा थर वातानुकूलन यंत्राची जाळी व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतो. अशा गाडीत पाण्याची उष्णता नेहमीपेक्षा ५ ते ८ अंशांनी चढलेली आढळते. मूळ काट्यावर याचा पत्ताही लागत नाही, पण आकड्यांच्या मापकावर तो पहिल्याच खेपेस लागतो. त्यावर उपाय सोपा आहे. इंजिन थंड झाल्यावर आतील बाजूने बाहेर, म्हणजे वारा ज्या दिशेने येतो त्याच्या उलट दिशेने, हलक्या दाबाची हवा किंवा पाणी मारून जाळी स्वच्छ करावी. वॉशिंग सेंटरवरील जोराचा फवारा जवळून मारल्यास जाळीची पातळ पाती वाकतात व उलट वारा अडतो. तसेच भरताना इंजिन बंद ठेवावे, म्हणजे निम्मे काम होते.

कोणती मापके घ्यावीत

बाजारात डझनावारी मापके मिळतात आणि रात्री रंगीत उजेड देणाऱ्या तबकड्यांचा मोह तरुण चालकांस फार पडतो. शेतमालाच्या गाडीस मात्र पाण्याची उष्णता व ऑइलचा दाब ही दोन पुरेशी आहेत. बॅटरीचा व्होल्टमीटर स्वस्त असल्याने तिसरा म्हणून घेण्यास हरकत नाही. इंजिन चालू असता तो साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवितो आणि हा आकडा १२.५ च्या आसपास रेंगाळू लागला तर अल्टरनेटर बॅटरी भरीत नाही असे समजावे. टर्बोचा दाब व धुराची उष्णता दाखविणारी मापके ही ज्यांना भरल्या गाडीने नित्य घाट चढावा लागतो त्यांच्या उपयोगाची आहेत. धुराची उष्णता मोजण्यासाठी मॅनिफोल्डला टर्बोच्या अलीकडे भोक पाडावे लागते. त्या वेळी लोखंडाचा एखादा कीस आत राहिला तर तो टर्बोच्या पात्यांचा नाश करतो. मॅनिफोल्ड उतरवून काम करणारा कुशल मिस्त्री नसेल तर या भानगडीत न पडणेच शहाणपणाचे होय.

मापकाची रचना ठाऊक असली म्हणजे बसविण्यातील चुका टळतात. फ्रान्समधील यूजीन बूर्दों याने १८४९ साली वाकविलेल्या पोकळ नळीचे दाबमापक तयार केले. आत दाब वाढला की ही नळी सरळ होऊ पाहते व काटा फिरविते. या पद्धतीची मापके आजही मिळतात, परंतु त्यांत इंजिनातील कढत ऑइल बारीक नळीने थेट चालकापुढील तबकडीपर्यंत येते. नळी घासून फुटली तर ते ऑइल पायांवर येईल आणि इंजिनही कोरडे पडेल. यास्तव इंजिनावर सेन्सर व तबकडीपर्यंत केवळ तार, असे विजेवर चालणारे मापकच पसंत करावे. सेन्सर व तबकडी एकाच संचातील असावीत. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या तबकडीस जोडला तर काटा फिरतो खरा, पण सांगतो ते खोटे असते.

नवे उष्णतामापक बसविण्यापूर्वी पारखून घेणे अगत्याचे आहे. तबकडी व सेन्सरचे धातूचे अंग तात्पुरती बॅटरीस जोडून सेन्सरचे टोक उकळत्या पाण्यात धरावे. कामरगावच्या उंचीवर पाणी १०० अंशांच्या किंचित खाली, सुमारे ९८ ते ९९ अंशांस उकळते. मापक त्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे असेल तर ते विश्वासार्ह मानावे.

बसविण्याची रीत

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व बॅटरीची ऋण तार सोडावी. पाण्याचा सेन्सर बहुधा इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी नळीत धातूचा जोड घालून बसवितात. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. एका तारेचा सेन्सर आपला अर्थ ज्या धातूत बसला आहे त्यातून घेतो, आणि रबरी नळीमध्ये अडकविलेला जोड गाडीच्या अंगापासून तुटलेला असतो. म्हणून त्या जोडास स्वतंत्र तार लावून ती इंजिनाच्या स्वच्छ धातूवर आवळावी. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी जाड गुंडाळल्यानेही अर्थ तुटतो. ती लावावयाची तर दीड वेढ्यापेक्षा अधिक नको.

ऑइलच्या सेन्सरसाठी मूळ दिव्याचा स्विच काढून तेथे टी आकाराचा जोड लावतात व दोन्ही त्यावर बसवितात. मूळ दिवा कधीही काढून टाकू नये. आट्यांच्या बाबतीत मात्र अत्यंत सावधगिरी पाहिजे. अष्टमांश इंच मापाच्या ब्रिटिश पद्धतीत इंचास २८ आटे असतात, अमेरिकन पद्धतीत २७, आणि १० मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यांत दोन आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असते. हातात घेतल्यास तिन्ही सारखेच वाटतात व पहिले दोन वेढे एकमेकांत जातातही. मग पाना लावून जोर केला की इंजिनाच्या ब्लॉकमधील आटे कायमचे मोडतात. हाताने चार वेढे सहज न फिरणारा जोड बाजूस ठेवावा. दुसरे असे की, ऑइलचा सेन्सर वजनदार असतो आणि डिझेल इंजिनाचा हादरा मोठा असतो. पितळी टीच्या टोकास तो लोंबकळत ठेवला तर काही महिन्यांत पितळ चिरते. एका लहान, ऑइलचा दाब सोसणाऱ्या नळीने तो बाजूस आणून पट्टीने गाडीच्या अंगास घट्ट बांधावा.

वीज घेताना ती किल्ली फिरविल्यावरच सुरू होईल अशा ठिकाणाहून व ३ ते ५ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्यावी. पत्र्याच्या भोकातून तार जाते तेथे रबरी बुश घालावा, आणि सायलेन्सर व मॅनिफोल्डपासून तार दूर न्यावी. सोयाबीनची पोती असलेल्या कोठ्यात गाडी उभी करणाऱ्यांनी तारांवर प्लॅस्टिकची नळी चढवावी, कारण उंदरांस धान्याइतकेच तारेचे आवरणही प्रिय आहे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ प्रकारच्या गाड्यांत मूळ सेन्सरच्या तारा कापून त्यावर मापक जोडू नये. इंजिनाच्या संगणकास चुकीचा संदेश जातो. या गाड्यांत दोष तपासण्यासाठी ठेवलेल्या ओबीडी जोडणीत लहानसा दर्शक लावल्यास पाण्याची उष्णता आकड्यांत दिसते व एकही तार कापावी लागत नाही. ऑइलचा दाब मात्र तेथे सहसा मिळत नाही. गाडी हमीच्या मुदतीत असल्यास अधिकृत सेवा केंद्रास अगोदर लेखी विचारून घ्यावे.

काटा काय सांगतो

बसविल्यानंतर पहिला आठवडा रोज आकडे वहीत लिहून ठेवावेत. रिकामी गाडी, भरलेली गाडी, सकाळ, दुपार असे वेगवेगळे. वरच्या नळीतील मापक थर्मोस्टॅट उघडेपर्यंत कमी उष्णता दाखवील. नंतर पुष्कळ गाड्यांत ते ८२ ते ९५ अंशांत खेळते. झाकणाच्या दाबामुळे रेडिएटरातील पाणी १०० अंशांवरही उकळत नाही. म्हणून १०५ अंश दिसल्यावर वाफेची वाट पाहू नये. गाडी बाजूस घ्यावी, वातानुकूलन बंद करावे, पाणी गळत नसल्यास इंजिन काही मिनिटे हळू चालू ठेवावे व झाकणास हात लावू नये. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्याने हेडला तडा जाण्याची भीती असते.

याहूनही फसवी खूण म्हणजे चढलेला काटा एकदम खाली येणे. नळी फुटून पाणी निघून गेले की सेन्सर कोरड्या हवेत राहतो व उष्णता उतरल्यासारखे दाखवितो. चालकास हायसे वाटते, आणि त्याच वेळी इंजिन आतून जळत असते. भर दुपारी, भरल्या गाडीत काटा विनाकारण पडला तर त्याच क्षणी इंजिन बंद करावे.

ऑइलच्या दाबास तर थोडाही धीर नको. दाब एकाएकी उतरला की, हळू चालू ठेवणे नाही आणि गावापर्यंत नेणे नाही. गाडी सुरक्षित जागी घेऊन किल्ली फिरवावी. तापलेल्या इंजिनात दर १००० फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड दाब असावा असा मिस्त्रींचा ढोबळ ठोकताळा आहे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतच पाहावा. एकाएकी न उतरता महिनोमहिने हळूहळू उतरणारा दाब बेअरिंगची झीज किंवा ऑइलमध्ये मिसळलेले डिझेल सुचवितो. धूर गाळणारा फिल्टर असलेल्या नव्या गाड्यांत तो जाळून स्वच्छ होताना थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरू शकते. अशा वेळी ऑइलकाडीवरील पातळी कमी न होता वाढलेली दिसते. दाबाचे मापक व ऑइलकाडी या दोहोंची नोंद वहीच्या एकाच पानावर ठेवल्यास हा दोष लवकर पकडता येतो.

जोडांची तपासणी पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा व पुढे प्रत्येक ऑइलबदलाच्या वेळी करावी. खरीपाचा माल निघण्यापूर्वी, सप्टेंबरच्या अखेरीस, अर्थच्या तारेचे टोक सोडून घासून पुन्हा आवळावे. पावसाळ्याच्या ओलीने त्यावर गंज चढलेला असतो व तेवढ्यानेही काटा चुकतो.