मुका कळफलक, निश्चल माउस

डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दोन दिवसांत चेन्नईवर जो पाऊस कोसळला, त्याने वेलचेरीच्या सखल वस्तीत तळमजल्यांवर पाणीच पाणी केले. बदलीच्या निमित्ताने आम्ही तेव्हा तेथे दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. खाली एक वयोवृद्ध तंजावरी मराठी गृहस्थ राहत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. पाणी ओसरल्यावर पाहिले, तर त्यांचा संगणक चिखलाने भरला होता आणि ठेवींच्या पावत्यांचा लगदा झाला होता. त्यांतील एक मुदत ठेव जानेवारीत पूर्ण होणार होती आणि घराची दुरुस्ती तिच्याच भरवशावर होती. गुडघेदुखीमुळे शाखेपर्यंत जाणे त्यांना अवघड. उरला मार्ग इंटरनेट बँकिंगचा!

रिची स्ट्रीटवरून एक जुना संगणक आणला आणि त्यावर लिनक्सची डेबियन ही मुक्त प्रणाली बसवली. (सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने घडवलेली व २००७ साली प्रकाशित झालेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही याच डेबियनवर आधारलेली आहे, हे ऐकून काकांना विशेष आनंद झाला.) काळ्या पडद्यावरची अक्षरी आज्ञावली ठीक चालली. परंतु चित्रमय पडदा, म्हणजे ज्याला आपण डेस्कटॉप म्हणतो तो, उजळला आणि कळफलक मुका झाला. माउसचा बाणही मधोमध खिळून राहिला.

अशा वेळी बहुतेक जण प्रथम कळफलकालाच दोष देतात व नवा विकत आणतात. त्याआधी एक साधी परीक्षा करावी. कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. संगणक सुरू होताना, अक्षरी पडद्यावर, तिचा दिवा लागत असेल, तर कळफलक व त्याची तार सहसा निर्दोष असते. तेथेही लागत नसेल, तर मागची जोडणी पाहावी. जुन्या यंत्रांवरील गोल खोबणींत जांभळी कळफलकाची आणि हिरवी माउसची; दोन्हींचा आकार एकच असल्याने अदलाबदल सहज होते. ही गोल जोडणी संगणक चालू असताना काढू-घालू नये. तो बंद करूनच बदल करावा. यूएसबी जोडणीला हे पथ्य नाही.

आमच्याकडे दिवा अक्षरी पडद्यावर लागत होता, चित्रमय पडद्यावर नाही. म्हणजे यंत्र शाबूत होते, मधला दुभाषी गैरहजर होता. लिनक्सवर चित्रमय पडदा उभा करण्याचे काम बहुधा ‘एक्स’ नावाची व्यवस्था करीत आली आहे. तिचा उगम १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत झाला. कळ दाबल्याची वर्दी आधी प्रणालीच्या गाभ्याला मिळते आणि तेथून ‘इनपुट ड्रायव्हर’ नावाचा छोटा कार्यक्रम ती एक्सकडे पोचवतो. पूर्वी हे सारे एका फाइलीत हाताने लिहावे लागे. माउसची बोली तेथे चुकीची नोंदवली, तर बाण वेड्यासारखा कोपऱ्यात धाव घेई. २००९-१० च्या सुमारास एक्सला उपकरणे आपोआप ओळखता येऊ लागली आणि ही डोकेदुखी बरीच कमी झाली. मात्र दुभाषीच बसवलेला नसेल, तर ओळख पटूनही उपयोग शून्य!

आम्ही काटकसरीने मोजकेच भाग बसवले होते; चूक तेथेच होती. संगणक पुन्हा सुरू करून आरंभीच्या यादीतून ‘रिकव्हरी मोड’ निवडला. तेथे कळफलक बोलू लागला. एक्स आपल्या कामाची रोजनिशी ठेवतो. तीत ‘ई-ई’ अशा जोडाक्षरी खुणेच्या ओळी तेवढ्या वाचाव्यात, कारण त्याच खऱ्या चुका असतात. ड्रायव्हर सापडत नसल्याची तक्रार तेथे स्पष्ट लिहिलेली होती. तो भाग बसवला, यंत्र पुन्हा सुरू केले आणि बाण हलला. काकांनी टाळी वाजवली.

ती जरा लवकर वाजली. बँकेच्या पानावर काकांनी परवलीचा शब्द भरला, नाकारला गेला. पुन्हा सावकाश भरला; पुन्हा नकार. तिसऱ्या चुकीनंतर प्रवेश रोखला जाण्याची भीती होती, म्हणून मी त्यांचा हात धरला. मग एका कोऱ्या मजकूर-पानावर एकेक चिन्ह उमटवून पाहिले. शब्दात ‘अ‍ॅट’चे चिन्ह होते आणि उमटत होते दुहेरी अवतरणचिन्ह! प्रणाली बसवताना भाषा इंग्रजी म्हणून आम्ही ब्रिटिश रचना निवडली होती. आपल्याकडील कळफलकांवर बहुतेक अमेरिकी रचना छापलेली असते. ब्रिटिश रचनेत या दोन चिन्हांच्या जागा एकमेकींशी बदललेल्या असतात. परवलीच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे हा घोटाळा डोळ्यांना कळत नाही. (अशी चाचणी घेतल्यावर ते कोरे पान न जतन करता बंद करावे, हे सांगणे नलगे.)

आम्ही ‘इंग्रजी, भारत, रुपयासह’ ही रचना निवडली. जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेलेले रुपयाचे चिन्ह हिच्यात उजवी ऑल्ट व चार आकडा एकत्र दाबले की उमटते. तिसरा प्रयत्न यशस्वी झाला. ठेव जागच्या जागी होती, मुदतीची तारीखही काकांना आठवत होती तीच निघाली.

त्यानंतर त्यांनी मराठी कळफलक मागितला. रस्त्यावरच्या टंकलेखन केंद्रांत तमिळ-९९ रचना. तीत इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘म’चे तमिळ अक्षर. भारतीय भाषांसाठी असलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत मात्र त्याच कळीवर ‘क’, मग लिपी तमिळ असो वा देवनागरी. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. काकांना ‘ळ’ सापडेना. ‘ल’च्या कळीसोबत शिफ्ट दाबा, असे म्हटल्यावर तो आला. ‘दुसऱ्या’तला अर्धा ‘ऱ’ही तसाच, ‘र’च्या कळीवर शिफ्टने. नामनिर्देशनाच्या अर्जासाठी त्यांनी पत्नीचे नाव स्वतः टंकित केले आणि कळफलकाच्या कडेला ‘ळ’ लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवून ठेवली.