विहिरीतली बादली आणि पोटातली नळी

मुलांनो, विहिरीत बादली पडली तर तुम्ही काय करता? आमच्या पिंपळगाव रेणुकाईत कुणालाही विचारा, उत्तर एकच : "गळ आणा!" लोखंडी आकड्यांचा गळ दोराला बांधून विहिरीत सोडायचा, तळाशी हळूहळू फिरवायचा आणि बादलीची कडी अडकली की वर ओढायचं. पण बादलीऐवजी तांब्या पडला असेल तर? गळ फिरवून फिरवून हात भरून येतात, तांब्या काही निघत नाही. कारण सोपं आहे. बादलीला कडी आहे, तांब्याला नाही.

आता मला सांगा, अशीच एखादी वस्तू माणसाच्या शरीरात ठेवली असेल, तर ती बाहेर कशी काढायची?

हा प्रश्न मला सुचला तो आमच्या शाळेतल्या एका मुलामुळे. गेल्या वर्षी तो धावत आला आणि म्हणाला, "सर, आमच्या अण्णांच्या पोटात नळी सापडली! दोन वर्षांपासून आतच होती म्हणे!"

ही नळी आली कुठून? आमचं गाव जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात. हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ते ओळखलं जातं. उन्हातान्हात मिरचीची तोडणी चालते. घाम खूप जातो, पाणी प्यायचं राहून जातं. मग लघवी दाट होते आणि तिच्यातल्या क्षारांचे खडे बनू लागतात. तोच मुतखडा. (यात मिरचीचा दोष नाही बरं का, दोष कमी पाणी पिण्याचा!) मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक वाट असते, तिला मूत्रवाहिनी म्हणतात. लांबी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या फूटपट्टीएवढी. खडा तिथं अडकला की माणूस गडाबडा लोळतो.

डॉक्टर दुर्बिणीनं खडा काढतात. पण आतली वाट सुजलेली असते. ती सुजून बंद पडू नये म्हणून काही दिवस किंवा काही आठवडे तिथं एक मऊ नळी ठेवतात. तिला म्हणतात स्टेंट. हे नाव इंग्लंडमधल्या चार्ल्स स्टेंट या दातांच्या डॉक्टरवरून आलं. त्यानं १८५६ च्या सुमारास दातांचे ठसे घेण्यासाठी एक लगदा तयार केला होता. पुढं दुसऱ्याच कामाच्या वस्तूला त्याचं नाव चिकटलं!

नळी आत ठेवणं ही अर्धीच गोष्ट झाली. ती जागेवर राहिली पाहिजे आणि काम संपलं की सहज निघालीही पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत की नाही? घट्ट बसेल ती निघणार नाही, सहज निघेल ती टिकणार नाही.

१९६७ मध्ये पॉल झिमस्किंड या अमेरिकन डॉक्टरांनी सिलिकॉनची सरळ नळी वापरली. पण सरळ नळी जागेवरून सरकायची. मग कुणी नळीला बाहेरून काटे बसवले. काट्यांमुळे पकड आली, पण नळी जाडीला वाढली. १९७८ मध्ये रॉय फिनी यांनी एक साधी युक्ती मांडली. नळीची दोन्ही टोकं छत्रीच्या मुठीसारखी वळवायची. इंग्रजी 'जे' अक्षरासारखी दोन टोकं, म्हणून तिचं नाव 'डबल जे', म्हणजेच डीजे स्टेंट.

आत घालताना नळीत एक तार असते, त्यामुळे टोकं सरळ राहतात. तार काढली की टोकं आपोआप वळतात. एक मूठ मूत्रपिंडात, दुसरी मूत्राशयात. नळी ना वर जाते ना खाली. आणि काढताना? खालचं टोक चिमट्यानं धरून ओढलं की मूठ सरळ होते आणि नळी सरकत बाहेर येते. जे वळण तिला धरून ठेवतं, तेच ओढल्यावर वाट देतं! शिवाय ही नळी एक्स-रेमध्ये दिसेल अशीच बनवतात, म्हणजे आत आहे की नाही ते कळतं.

पुढं या नळीला 'कडी' बसवण्याचे आणखी प्रयत्न झाले. काही नळ्यांच्या खालच्या टोकाला दोरा असतो. तो लघवीच्या वाटेनं बाहेर ठेवतात आणि काही दिवसांनी ओढून नळी काढतात. दुर्बीण लागत नाही, पण चुकून दोरा ओढला गेला तर नळी वेळेआधीच निघते. काही नळ्यांच्या टोकाला छोटं चुंबक असतं. दुसरं चुंबक लावलेली बारीक नळी आत सरकवली की दोघं एकमेकांना चिकटतात.

अन्ननलिकेत ठेवायच्या काही जाळीदार स्टेंटची गंमत वेगळीच. त्यांच्या वरच्या काठात दोरा ओवलेला असतो. आजीच्या बटव्याची नाडी ओढली की तोंड कसं मिटतं? तसाच हा स्टेंट काठाशी आक्रसतो आणि ओढून काढता येतो. त्याच्या जाळीवर सिलिकॉनचं आवरणही घालतात, म्हणजे आतलं मांस जाळीत वाढून तिला धरून ठेवत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीतला स्टेंट मात्र कायम ठेवण्यासाठीच असतो. काही महिन्यांत त्याच्यावर शरीराचं अस्तर चढतं.

डीजे स्टेंट वेळेवर काढला नाही तर? त्याच्यावरही क्षार बसतात. १९९१ मध्ये रियाध शहरातल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या काढलेल्या नळ्या तपासून आकडे मांडले. सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या शंभर नळ्यांमागे सुमारे ९ नळ्यांवर थर होता. बारा आठवडे उलटल्यावर काढलेल्यांत तो आकडा ७६ वर गेला! खड्याच्या थरामुळे मूठ सरळ होत नाही. बादलीची कडीच गाळात रुतते म्हणा ना.

अण्णांचं तेच झालं. ताप, जळजळ, लाल लघवी. जी नळी काही मिनिटांत निघाली असती, तिच्यासाठी दोन ऑपरेशनं करावी लागली.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगायला मला जड जातंय. पहिल्या ऑपरेशननंतर त्या मुलाचे आजोबा दवाखान्याचा कागद घेऊन माझ्याकडेच आले होते. "गुरुजी, काय लिवलंय बघा." गोळ्या कधी घ्यायच्या ते मी नीट सांगितलं. "सहा आठवड्यांनी दाखवायला या," हेही सांगितलं. वर 'डीजे स्टेंट इन सिटू' असं लिहिलं होतं. मला अर्थ कळला नाही. डॉक्टरांचा काही शब्द असेल म्हणून मी तो सोडून दिला, कुणाला विचारलंही नाही.

त्याचा अर्थ एवढाच : नळी आत आहे.

पोट दुखायचं थांबलं, मिरचीची तोडणी सुरू झाली. नुसतं 'दाखवायला' कोण जाणार? "आत नळी आहे, ती काढायची आहे," असं मी म्हटलं असतं तर ते नक्की गेले असते.

दोस्तांनो, पुष्कळ घरांत इंग्रजी कागद वाचणारे तुम्हीच असता. न कळलेला शब्द सोडून देऊ नका. दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारा : "आत काही ठेवलंय का? ते काढायचं कधी?" मिळालेली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

अण्णा आता बरे आहेत, शेतात जातात. त्यांची पाण्याची बाटली रोज सकाळी त्यांचा मुलगा भरून देतो. आणि न कळलेला शब्द आला की मी आता आधी फोन करून विचारतो, मगच कागद वाचून दाखवतो.