जुनी वस्तू पुरावा कधी होते?

शाळेच्या सहलीत आपण मुलांना संग्रहालय दाखवायला नेतो. "हात लावू नका, पुढे चला" असे म्हणत अर्ध्या तासात सगळी दालने संपतात. परतताना "काय पाहिलंत?" असे विचारले, तर उत्तर येते, "जुन्या वस्तू." जुन्या वस्तू भंगारवाल्याकडेही असतात. मग संग्रहालयात वेगळे काय असते? आणि साऱ्या देशाचे मिळून एक संग्रहालय करायचे ठरवले, तर त्याची सुरुवात कुठून करायची? दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय कसे उभे राहिले, ते पाहू.

१९४६ मध्ये सर मॉरिस ग्वायर समितीने या संग्रहालयाचा आराखडा मांडला. पण निवडक वस्तू देशभरच्या संग्रहालयांत विखुरलेल्या होत्या. १९४७-४८च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकादमीने भारतीय कलेचे प्रदर्शन भरवले, त्या निमित्ताने त्यांतल्या बऱ्याच वस्तू एकत्र आल्या. आपापल्या ठिकाणी परत पाठवण्यापूर्वी त्या दिल्लीत, आजच्या राष्ट्रपती भवनात मांडल्या गेल्या. प्रदर्शन गाजले आणि कायमचे संग्रहालय करावे असे ठरले. वस्तूंच्या मालकांना विनंती केली गेली, की त्या भेट तरी द्याव्यात किंवा उसन्या तरी. बहुतेकांनी होकार दिला. १५ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी संग्रहालयाचे उद्घाटन केले. जनपथावरील इमारत गणेश भिकाजी देवळालीकर यांनी आखली. तिचा पहिला टप्पा डिसेंबर १९६० मध्ये खुला झाला. आज या संग्रहात दोन लाखांहून अधिक वस्तू आहेत.

त्यांतली एक अगदी लहान आहे. मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये सापडलेली कांस्याची 'नर्तिका' जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, अशी ही पद्धत. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला ती अवगत होती.

पण हे साडेचार हजार वर्षांचे वय आपण कशावरून सांगतो? कार्बन-१४ची कसोटी लाकूड, धान्य, हाडे अशा एकेकाळी सजीव असलेल्या पदार्थांना लावता येते. कांस्याला ती लागू पडत नाही. मूर्तीचे वय ठरते ते ती कोणत्या जागी, कोणत्या थरात आणि कशाच्या सोबतीने सापडली यावरून. हीच मूर्ती कोणी चोरून खणली असती आणि बाजारात विकली असती, तर तिचे सौंदर्य तेवढेच राहिले असते. साक्ष मात्र नाहीशी झाली असती. म्हणून नोंद नसलेली वस्तू ही पान फाटलेल्या पुस्तकासारखी असते.

फाळणीच्या वेळी या नोंदींचे मोल वेगळ्याच प्रकारे दिसले. सिंधू संस्कृतीच्या वस्तूंची भारत आणि पाकिस्तान यांच्यात वाटणी झाली. मोहेंजोदडोचा सोन्याचा व मौल्यवान मण्यांचा एक हार तर तोडून दोघांत वाटला गेला. त्याचा एक भाग दिल्लीत आहे. आपण मुलांना 'आपला वारसा' असे सांगतो, तेव्हा हा हार त्यांच्यापुढे जरूर ठेवावा. तो ज्यांनी ओवला, त्यांच्या काळी आजच्या सीमा नव्हत्या. हार तुटला, पण दोन्ही भाग एकाच हाराचे आहेत हे आपल्याला माहीत आहे, कारण ती माहिती कुणी तोडली नाही.

वस्तू आणि नोंद मिळाली तरी काम संपत नाही. जुन्या कापडाला आणि लघुचित्रांना प्रकाशाने इजा होते आणि ती साठत जाते. ५० लक्स प्रकाशात दहा तास आणि ५०० लक्स प्रकाशात एक तास, दोन्हींचा हिशेब साधारण सारखाच. म्हणून अशी दालने अंधारी ठेवतात आणि चित्रे आलटून पालटून मांडतात. कांस्यात क्लोराइडचे क्षार मुरलेले असतील, तर दमट हवेत ते धातूला आतून पोखरतात. "इथे इतका अंधार का?" असे एखाद्या मुलाने विचारले, तर तो विज्ञानाचा तास समजावा.

साउथ आणि नॉर्थ ब्लॉकच्या इमारतींत 'युगे युगीन भारत' हे नवे राष्ट्रीय संग्रहालय करण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. जागा मोठी मिळेल, पण खरी कसोटी जुनीच आहे. काय दाखवायचे, काय कोठारात ठेवायचे आणि कोणाची गोष्ट सांगायची राहून गेली, हे प्रश्न इमारत बदलून सुटत नाहीत.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. प्रत्येक मुलाने घरातील एक जुनी वस्तू आणावी: अडकित्ता, मापटे, कंदील, काहीही. तिला क्रमांक द्यावा. वहीत लिहावे: कशाची आहे, मोजमाप किती, कोणाकडून आली, कोण वापरत असे आणि हे आपल्याला कोणी सांगितले. नंतर चाळीसपैकी दहाच वस्तू मांडायच्या असे सांगावे आणि निवड मुलांवर सोपवावी. वाद होईल, तो होऊ द्यावा. उरलेल्या तीस वस्तूंच्या नोंदी मात्र वहीत राहू द्याव्यात. पुढच्या वर्षीच्या मुलांना कदाचित त्यांतलीच एखादी मोलाची वाटेल.