कंपनीच्या गेटचाही पत्ता

सकाळी सहा. पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीच्या चौकात चाकणकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत बायका उभ्या असतात. माझ्या बऱ्याच पक्षकार याच बसनं जातात, त्यामुळे त्यांचे फोन येतात ते पहाटे, नाहीतर शिफ्ट सुटल्यावर. आजही आला. "मॅडम, सुट्टी टाकलीय, पण बिनपगारी आहे. आजच होईल ना?" होईल, असं मी कधीच म्हणत नाही. अकराच्या आधी ये आणि तारखा लिहिलेला कागद आण, एवढंच सांगितलं. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

आठ वाजता तिचं अंतरिम अर्जाचं प्रतिज्ञापत्र काढलं. टायपिस्टनं नेहमीचं वाक्य घातलं होतं: 'सामनेवाले हे अर्जदारास वारंवार शारीरिक व मानसिक त्रास देत असत.' ते मी खोडलं. जे वाक्य कुठल्याही अर्जात खपतं, त्यावर न्यायाधीशांनी काय विचार करायचा? त्याजागी तिनं सांगितलेलं लिहिलं. दिवाळीच्या बोनसच्या दिवशी नवऱ्यानं तिचं एटीएम कार्ड काढून घेतलं. सेकंड शिफ्टहून यायला उशीर झाला म्हणून दार उघडलं नाही, ती उजाडेपर्यंत जिन्यात बसून राहिली. पगाराच्या दिवशी तो कंपनीच्या गेटवर येऊन उभा राहतो. अंगावर वळ नसले तर केस होत नाही, असं तिला शेजारणीनं सांगितलं होतं. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 3 नीट वाचलं तर पैसे अडवणं, पगार हिसकावणं हाही हिंसाचारच आहे.

दहाला नेहरूनगरला, पिंपरी न्यायालयात पोचले. मोशीत नव्या न्यायसंकुलासाठी जागा दिलेली आहे. ते उभं राहील तेव्हा या बायकांचा निदान प्रवास तरी वाचेल. नवी आलेली एकजण विचारत होती, आधी पोलिसांत गुन्हा दाखल करावा लागतो का? नाही. या कायद्याखाली थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम 12चा अर्ज करता येतो. संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलं तर ते घटनेचा अहवाल तयार करून कोर्टात पाठवतात, अर्जालाही मदत करतात. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. 1987च्या कायद्यानं तो हक्क तिला बाई म्हणूनच दिला आहे.

अकरा ते दीड बोर्डाकडे बघत बसणं. कायदा म्हणतो, अर्ज मिळाल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख, आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न. प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि प्रत्येक तारखेला तिचा एक खाडा पडतो. ठेकेदाराकडच्या बाईचे असे खाडे साठले की कामच जातं. म्हणूनच मी पहिल्या दिवसापासून कलम 23च्या अंतरिम आदेशावर जोर लावते.

पुकारा झाला. नवऱ्याच्या वकिलांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली. मुदत द्या, माझी हरकत नाही. पण तोवर संरक्षण द्या, असं मी म्हटलं. सासू मागून बोललीच, "घर माझ्या नावावर आहे, साहेब." नावावर असू दे. सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं आहे की, सून जिथं संसार करत होती ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सामाईक घर ठरू शकतं. सासूला त्या घरातून काढा, असा आदेश मात्र या कायद्याखाली होत नाही, आणि आम्ही तो मागितलेलाही नाही.

दुपारी चारला आदेश हातात आला. पुढच्या तारखेपर्यंत नवऱ्यानं तिला मारहाण, शिवीगाळ करायची नाही, फोन किंवा व्हॉट्सॲप करायचा नाही, आणि तिच्या कामाच्या ठिकाणी जायचं नाही. कलम 18मध्ये कामाच्या जागेचा उल्लेख स्वच्छ आहे, तरी कित्येक अर्जांत फक्त घराचा पत्ता असतो. मी कंपनीचं नाव, प्लॉट नंबर आणि गेट, सगळं विनंतीत मागते. आदेशाची प्रत तिला मोफत मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

पाचला पोलीस ठाण्यात. कोर्टाकडून प्रत येईलच, पण मी आमची प्रत देऊन पोच घेतेच. रात्री 112ला फोन करावा लागला आणि पोलीस आला, तर त्याला आदेश आधीच माहीत असलेला बरा.

खरी अडचण त्यानंतर निघाली. गेटवरच्या सिक्युरिटीला प्रत दाखव म्हटलं, तर ती गप्प. "मॅडम, कंपनीत कळलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील." ही भीती खोटी म्हणायची माझी हिंमत नाही. पण प्रत दाखवली नाही आणि तो गेटवर आला, तर रखवालदार त्याला नवरा म्हणून आतही सोडेल. अर्धा तास आम्ही तेवढंच बोललो. शेवटी तिनंच ठरवलं: लाइनवरच्या सुपरवायझर ताईंना आधी सांगायचं, त्यांच्याबरोबर गेटवर जायचं, आणि रखवालदाराला आदेशातला तेवढाच परिच्छेद दाखवायचा. मी त्या परिच्छेदाभोवती पेनानं चौकट केली आणि फोटो तिच्या फोनवर पाठवला.

साडेआठला पुन्हा फोन, दुसरीचा. माहेर सोलापूरकडचं, नवरा तिकडेच, आणि ही बोऱ्हाडेवाडीत बहिणीकडे. केस तिकडंच करावी लागेल का? नाही. तात्पुरती राहतेस तिथंही अर्ज चालतो, कलम 27. उद्या सेकंड शिफ्ट आहे ना? मग सकाळी नऊला ये, आणि बहिणीच्या घराचा भाडेकरार घेऊन ये.