अर्धा वेढा

शनिवार, सकाळचे आठ. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या आमच्या गल्लीत १९६८ सालची शेव्हरोले सी-टेन पिकअप पुढून दोन लोखंडी घोड्यांवर चढवलेली आहे. पुढची चाकं काढून भिंतीला टेकवलीत. हौद्यात पान्यांचा ढीग. शेजारचे आजोबा खुर्ची टाकून बसलेत आणि त्यांचा मुलगा गाडीखाली आडवा आहे. मी नुसता कॉफी द्यायला आलो होतो. आता हातात बॅटरी धरून उभा आहे. आजोबा मेक्सिकन वंशाचे. मला ते ‘वेसिनो’ म्हणतात, म्हणजे शेजारी.

गाडी खाली बसवायची आहे. मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे उसाच्या ट्रकला जादा पाटा घालून घेतात. गाडी बसली की मालकाची झोप उडते. इथं ती बसावी म्हणून बाप-लेक पहाटेपासून राबताहेत.

या गाडीला पुढं पाटे नाहीत, जाड तारेची गोल स्प्रिंग आहे. वरच्या चौकटीत आणि खालच्या आर्मच्या खोबणीत ती दाबून बसवलेली. मुलगा खालच्या बॉल जॉइंटचा नट सैल करतो.

“पूर्ण काढू नकोस. चार आटे राहू देत,” आजोबा बसल्या जागेवरून म्हणतात.

स्प्रिंगमधून साखळी ओवून आर्मला बांधलेली आहे, आर्मखाली जॅक आहे. मुलगा हातोडा उचलतो. एक घाव, दुसरा घाव. तिसऱ्याला ‘धाड्’ होतं आणि आर्म बोटभर खाली येऊन त्या चार आट्यांवर अडकतो. माझ्या हातातली बॅटरी हलते. नट काढलेला असता तर ही स्प्रिंग कुठं गेली असती, ते कुणी बोलत नाही. मग नट निघतो, जॅक हळूहळू उतरतो आणि दाब सुटलेली स्प्रिंग साखळीत लोंबकळते.

ती आता फरशीवर आहे. हाताला गंज लागेल अशी जुनी, पण तार अंगठ्याएवढी. मुलगा खडूनं एक वेढा मोजून खूण करतो. आजोबा उठतात, बोटानं ती खूण पुसतात आणि निम्म्यावर नवी करतात.

“गॅसनं चटकन कापलं गेलं असतं,” मी उगाच बोलतो.

आजोबा मान हलवतात. आचेनं आसपासच्या पोलादाचं पाणी उतरतं. मग स्प्रिंग मनाला येईल तशी बसते, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. म्हणून ग्राइंडरच. पातळ चकती लागते, ठिणग्या उडतात. मुलगा मध्येच थांबून कापाची जागा निवू देतो. अर्ध्या वेढ्याचा तुकडा टणकन पडतो.

आणखी एक गोष्ट मला इथंच उमगते. स्प्रिंग आखूड झाली की मऊ होत नाही, कडक होते. दबणाऱ्या नऊ वेढ्यांतला एक गेला, तर भार पेलायला आठच उरतात आणि स्प्रिंग सुमारे आठव्या हिश्शानं ताठ होते. आजोबांना हे सूत्र नको असतं. “गाडी कंबरेला मार देते,” एवढंच ते सांगतात.

दुपारी दोन्ही बाजू जोडून होतात. गाडी खाली येते, पण मोजपट्टी कुणी काढत नाही. आधी ती ढकलून पुढं-मागं नेतात, कारण जागच्या जागी टायर रस्त्याला धरून ठेवतात आणि गाडी खरी बसत नाही. मग माप. इंचभर.

मुलाचं तोंड उतरतं. “पुन्हा उघड,” आजोबा म्हणतात. “जास्त कापलंस तर जोडता येत नाही.”

पुन्हा घोड्या, पुन्हा साखळी, पुन्हा चार आटे. मधल्या वेळात आजोबा आठवणीत तरुणपणच्या व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यावर जातात: रविवारची संध्याकाळ, जमिनीला टेकायला आलेल्या गाड्या, मुंगीच्या पावलानं चाललेली रांग आणि मागून पोलीस. रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली आणायला कॅलिफोर्नियात १९५८ पासून बंदी होती. ती उठली १ जानेवारी २०२४ ला. आजोबांचे केस तोवर पांढरे झाले होते.

संध्याकाळी सहाला दुसरं माप: सकाळपेक्षा दोन इंच कमी. चार तुकडे पायरीवर ओळीनं मांडलेले. समोरून बघितलं की दोन्ही चाकं वरच्या अंगाला किंचित आत कललेली दिसतात. मुलगा किल्लीकडे हात नेतो, तोच आजोबा ती खिशात टाकतात. सोमवारी चाकांचं अलाइनमेंट आहे. तोवर गाडी गल्लीबाहेर जाणार नाही.