थंड पाण्यातलं वय

माकूल (स्क्विड) किंवा ऑक्टोपस किती जगतो, हे पूर्वी लांबीवरून ठरवत. जाळ्यात आलेले नग मोजायचे, लहान-मोठे गट पाडायचे आणि त्यावरून वर्षांचा अंदाज बांधायचा. मोठा तो वयस्कर, एवढंच त्यामागचं गृहीतक.

माकुलाच्या डोक्यात तोल सांभाळणारा एक चुनखडीचा खडा असतो, स्टॅटोलिथ. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. तो घासून पातळ केला की सूक्ष्मदर्शकाखाली वलयं दिसतात. रोज एक वलय पडतं का, हे पाहायला जिवंत माकुलांना टेट्रासायक्लिन दिलं गेलं. ते खड्यात मुरतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. त्या खुणेनंतरची वलयं दिवसांशी ताडायची. लिपिन्स्की यांनी १९८६ मध्ये अलोटूथिस या चिमुकल्या युरोपीय माकुलाबाबत हा ताळा मांडला. १९९२ मध्ये जॅक्सन आणि चोट यांनी उष्ण समुद्रातली काही माकुलं २०० दिवसही जगत नाहीत, असं दाखवलं. त्यातून हे सगळेच जीव अल्पायुषी, असा समज पक्का झाला. थंड पाण्यातल्या जातींवर तो अन्यायच होता.

ऑक्टोपसच्या स्टॅटोलिथवर वाचता येतील अशी वलयं पडत नाहीत. मग कोणी चोचीकडे वळलं, कोणी अंगातल्या काडीसारख्या अवशिष्ट शिंपल्याकडे. टास्मानियात २००६ मध्ये वय माहीत असलेल्या ऑक्टोपसांवर ही काडी पारखली गेली.

थंड पाण्यातल्या लांब आयुष्याचा मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो नुसत्या बघण्यातून मिळालेला पुरावा. कॅनडात प्रयोगशाळेत ठेवलेल्या बॅथिपॉलिपस या छोट्या ऑक्टोपसची अंडी उबायला चारशेहून अधिक दिवस लागले. पुढे कॅलिफोर्नियातल्या माँटेरे दरीत, सुमारे १४०० मीटर खोल आणि ३ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, २००७ ते २०११ ग्रॅनेलिडोन या ऑक्टोपसच्या एकाच मादीवर लक्ष ठेवलं गेलं. अंगावरच्या व्रणांवरून ती दर खेपेस ओळखू यायची. शेजारून खेकडे जात, पाणबुड्या यंत्राच्या हाताने खाण्याचे तुकडे पुढे केले जात. ती खाताना कधीच दिसली नाही. कातडी फिकी आणि सैल पडली, डोळे गढूळ झाले. अंडी तिने ५३ महिने सांभाळली! एवढ्या काळात उष्ण समुद्रातल्या त्या माकुलांच्या निदान आठ पिढ्या होऊन गेल्या असत्या.

कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यासमोर डेव्हिडसन सागरी पर्वतापाशी २०१८ मध्ये म्युसऑक्टोपस माद्यांची वस्ती सापडली. भोवतालचं पाणी १.६ अंशांचं, पण माद्या बसतात त्या फटींतून कोमट पाणी झिरपतं. तिथे अंडी पावणेदोन वर्षांच्या आसपास फुटतात. भोवतालच्या गारठ्यात त्यांना पाच ते आठ वर्षं लागली असती, असा संशोधकांचा हिशेब आहे.